निरूपण आणि श्रोत्याची भाषा

फाल्गुन सरून चैत्र लागला म्हणजे गडचिरोलीच्या अरण्यात मोहाची फुले गळू लागतात. पहाटेच्या अंधारात घरातील बायाबापड्या, मुले, म्हातारी माणसे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात आणि उन्हे वर येईपर्यंत फुले वेचतात. ती फुले वाळवून ठेवली जातात, खाल्ली जातात, बाजारात विकली जातात, आणि जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी असली तरी त्यांची दारूही गाळली जाते. मोहाचे झाड हे त्या घरांचे अन्नदाते झाड होय.

अशा दिवसांत एखादा भिक्षुक अटन करीत तेथील एखाद्या गावी आला आणि पारावर बसून त्याने मराठीत उपदेश केला की, ‘मोह सोडावा, मोह हेच जीवाच्या बंधनाचे मूळ आहे’, असे समजावे. समोर बसलेल्या माडिया म्हातारीला मराठी येते ती आठवड्याच्या बाजारापुरती. मीठ, तेल, कापड, भाव, पैसा आणि मोह एवढे शब्द तिच्या ओळखीचे. या उपदेशातून तिला काय कळेल? हा साधू आपले झाड सोडायला सांगतो आहे, एवढेच तिला कळेल. फार तर दारू सोडायला सांगतो, असे ती समजेल. जीवाला प्रपंचात गुंतवून ठेवणारी जी अविचारी ओढ, तिचे नाव मोह, हा अर्थ तिच्यापर्यंत पोहोचण्याला वाटच नाही.

वस्तुतः हे दोन शब्द भिन्न आहेत. झाडाचा मोह ‘मधूक’ या शब्दापासून आला आणि बंधनाचा मोह ‘मुह्’ या धातूपासून. काळाच्या ओघात दोघांचे उच्चार एक झाले. मराठी श्रोता संदर्भावरून त्यांतील भेद क्षणात ओळखतो आणि आपण काही ओळखले याची त्याला जाणीवही नसते. म्हणूनच वक्त्यालाही शंका येत नाही. आपण सांगितले, त्यांनी ऐकले, असे मानून तो समाधानाने पुढच्या गावी जातो. म्हातारी मात्र चिंतेत पडते. येथे कोणी खोटे बोलले नाही, कोणी कानाआड केले नाही, प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला. तरीही निरूपण झाले नाही.

या दृष्टांतातून दोन प्रश्न उभे राहतात. माणसाची भाषा त्याच्या विचाराला आकार देते काय, आणि देत असल्यास एका भाषेत घडलेला विचार दुसऱ्या भाषेच्या माणसापर्यंत कितपत जाऊ शकतो? ज्या मार्गाचे सर्वस्व निरूपणावर उभे आहे, त्या मार्गातील साधकांना आणि वासनिकांना हे प्रश्न टाळता येण्यासारखे नाहीत.

प्रदेशाचे स्वरूप

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १०.७३ लक्ष होती. एवढ्या विरळ वस्तीत भाषांची गर्दी मात्र मोठी आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात झाडीबोली ही मराठीची बोली चालते. भामरागड आणि एटापल्लीकडे माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी आणि हलबी, सिरोंच्याकडे तेलुगू, तर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली बोलली जाते. गोंडीचीही रूपे एक नाहीत. भामरागडकडील माडिया आणि चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा-जिवतीकडील गोंडी यांत बराच भेद आहे. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा असल्यामुळे मराठीशी तिचे जन्माचे नाते नाही. शेजाराचे नाते मात्र शतकानुशतकांचे आहे. २०११ च्या गणनेप्रमाणे देशात सुमारे २९.८ लक्ष लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदविली.

आचारप्रकरणातील सूत्रांत सर्वज्ञांनी साधकाला महाराष्ट्रात राहण्याची, तेलंग आणि कानड देशांत न जाण्याची आज्ञा दिली आहे. देशाच्या कडेला, वृक्षाच्या आश्रयाने राहून आयुष्य वेचावे, असाही निर्देश आहे. या आज्ञेवरील जुन्या भाष्यात ‘महाराष्ट्र’ म्हणजे कोणता देश याचे विवरण करताना भाष्यकारांनी राजाची सीमा सांगितली नाही. मराठी भाषा जेथपर्यंत वर्तते तो महाराष्ट्र, अशी त्यांची धारणा आहे. एकेक मंडळ मोजीत, त्या त्या मंडळात भाषेचा थोडा थोडा पालट होतो हे नोंदवीत ते वऱ्हाडापर्यंत येतात आणि ही सर्व मंडळे मिळून महाराष्ट्रच होय असे म्हणतात. भाषेवरून देश ओळखण्याची ही दृष्टी त्या काळी असामान्यच म्हटली पाहिजे.

सिरोंचा, भामरागड हा भाग आजच्या राज्यव्यवस्थेप्रमाणे महाराष्ट्रातच आहे. देशाचा शेवट आणि झाडाची छाया ही दोन्ही तेथे आहेत. परंतु भाषेच्या कसोटीने पाहिले तर तेथे उभा असलेला साधक मराठीच्या अगदी काठावर उभा असतो. एक पाऊल पुढे टाकले की त्याची भाषा संपते. वरील प्रश्न या प्रदेशात पुस्तकी राहत नाही, तो याच कारणाने.

म्हाताऱ्यांचा कैवार

श्रीनागदेवाचार्यांच्या चरित्रातील एक प्रसंग सर्वांना परिचित आहे. विद्वान शिष्यांनी संस्कृतात प्रश्न केला असता, आपणास ती भाषा अवगत नाही, श्रीचक्रधरांनी आपणास मराठीतच निरूपिले, तेव्हा त्याच भाषेत विचारावे, असे आचार्यांनी त्यांस सांगितले. केशोबासांनी संस्कृतात ग्रंथरचना करण्याची इच्छा दाखविली, तेव्हा त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील, असे म्हणून आचार्यांनी त्यांना आवरले. ज्या परमेश्वरावताराचे मूळ गुजरातेत भडोच येथे, त्याने महाराष्ट्रात येऊन मराठीत निरूपण केले, ही गोष्टही याच्या जोडीला ठेवून पाहावी. वक्त्याने आपल्या सोयीची भाषा निवडली नाही, श्रोत्याच्या सोयीची निवडली.

या प्रसंगाचा अभिमान मार्गात सर्वत्र सांगितला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याचा अर्थ ‘संस्कृत नको, मराठी हवी’ एवढाच घेतला तर आचार्यांचा हेतू निसटतो. आचार्यांचा कैवार भाषेचा नव्हता, म्हाताऱ्यांचा होता. मराठी निवडली गेली, कारण त्या म्हाताऱ्या मराठी बोलत होत्या. मग भामरागडच्या म्हातारीच्या बाबतीत आज मराठीचे स्थान कोणते? तेराव्या शतकातील स्त्रीसमोर संस्कृत जशी उभी होती, तशीच तिच्यासमोर मराठी उभी आहे. ती शाळेची, कचेरीची, शिकलेल्यांची भाषा आहे. आचार्यांचे वचन तोंडाने सांगून तिच्यापुढे केवळ मराठी ठेवणे म्हणजे वचन पाळल्यासारखे दाखवून त्याचा आशय सोडणे होय.

‘देव’ या शब्दाची अडचण

भाषा विचाराला कसे वळण देते याचे एक उदाहरण मार्गाच्या मुख्य सिद्धांताशीच निगडित आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व स्वतंत्र होत. देवता मर्यादित फळ देतात. मोक्ष देण्याचे सामर्थ्य एका परमेश्वराचे. देवता आणि परमेश्वर यांतील हा भेद ज्याला कळला नाही त्याला ब्रह्मविद्येचे पहिले पाऊलही पडले नाही, असे मानले जाते. परंतु व्यवहारातील मराठी या दोहोंना मिळून ‘देव’ हा एकच शब्द वापरते. त्यामुळे मराठी मातृभाषेच्या जिज्ञासूलाही हा भेद प्रयत्नाने शिकवावा लागतो. भाषा त्याला फुकट काही देत नाही, उलट आड येते.

गोंडीत ‘पेन’ असा शब्द आहे. कुळाचे रक्षण करणारे, ठरावीक स्थानी वसणारे, वेळोवेळी ज्याची पूजा करावयाची ते पेन. ‘परमेश्वर’ या शब्दाच्या जागी घाईने ‘पेन’ हा शब्द ठेवला तर निरूपणाचा पायाच उलटतो, कारण जे देवतेच्या बाजूचे आहे तेच परमेश्वराच्या नावाने सांगितल्यासारखे होते. शब्दाला शब्द मिळाला एवढ्याने अर्थाला अर्थ मिळत नाही.

याच्या उलट बाजूचा गैरसमज तर अधिक घडतो. एखाद्या गोंड गृहस्थाला परक्या माणसाने विचारावे, ‘तुमचे देव किती?’ आणि त्याने शांतपणे उत्तर द्यावे, ‘सात’. प्रश्नकर्त्याला वाटते, हा सात देवांना भजणारा आहे, याला एका परमेश्वराचे तत्त्व समजावले पाहिजे. परंतु त्या समाजात हा प्रश्न सोयरिकीचा आहे. गोंड समाजाचे चारदेवे, पाचदेवे, सहादेवे आणि सातदेवे असे गट असून एका गटाच्या मुलामुलींचा परस्परांत विवाह होत नाही. सातदेव्यांची सोयरीक सातदेव्यांत न जुळता अन्य गटांत जुळते. गोंडीत या गटाला ‘येर्वेन सगा’ असे म्हणतात. मराठीत बोलताना तोच गट ‘सातदेवे’ होतो आणि ‘देव’ हा शब्द कानावर पडताच मराठी श्रोत्याचे मन भक्तीच्या विषयाकडे धावते. उत्तर देणाऱ्याने आपले कूळ सांगितले, ऐकणाऱ्याने त्याची श्रद्धा ऐकली. अशा उत्तरावर उभारलेला सगळा उपदेश वाऱ्यावर जातो, आणि ज्याला उपदेश केला त्याला आपला अवमान झाला असे वाटते ते वेगळेच.

दुसऱ्याच्या शब्दाने फसणारा हा श्रोता स्वतःच्या शब्दाच्या बाबतीत सावध असतो. गृहस्थाश्रमी अनुयायाला मार्गात ‘वासनिक’ म्हणतात. धर्माची वासना, म्हणजे ओढ, ज्याच्या ठिकाणी उपजली तो वासनिक. बाहेरच्या माणसाच्या भाषेत मात्र ‘वासना’ हा शब्द हीन अर्थाने रूढ झाला आहे. तो प्रथमच हा शब्द ऐकतो तेव्हा दचकतो आणि त्याला समजावून सांगावे लागते. आपल्या शब्दाविषयी जो खुलासा आपण आग्रहाने करतो, तो दुसऱ्याच्या शब्दाविषयी मागून घेण्याचे सौजन्यही तितकेच आवश्यक आहे.

भाषा विचाराला किती बांधते?

शब्दावाचून ज्ञान नाही, प्रत्येक प्रतीतीत शब्द ओवलेला असतो, असा पक्ष भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त मांडला. विसाव्या शतकात अमेरिकेतील सपीर आणि व्होर्फ या अभ्यासकांनी तेथील आदिवासी भाषांच्या अभ्यासावरून त्याच्या जवळचे मत मांडले. भाषा बदलली की जग पाहण्याची रीत बदलते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पुढील संशोधकांनी हे मत पुष्कळ मर्यादित केले. भाषा लक्ष कोठे जावे हे सुचविते, सवय लावते, परंतु विचाराला कोंडून ठेवीत नाही, असा आजच्या बहुतेकांचा कल आहे. गोंडी आणि मराठी शेजारी ठेवल्या तर या दोन्ही बाजू स्पष्ट होतात.

मराठीत तीन लिंगे आहेत. गोंडीत नामांचे वर्ग दोन. पुरुषवाचक नामे एका वर्गात आणि स्त्रिया, पशू, वस्तू ही सर्व दुसऱ्या वर्गात. म्हणून माडिया माणूस मराठी बोलू लागला की त्याची क्रियापदे चुकतात आणि मराठी ऐकणारे हसतात. आता या व्याकरणावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, ज्यांच्या भाषेत स्त्री वस्तूंच्या पंक्तीला बसते त्यांच्या मनात स्त्रीला मान नसावा. हा निष्कर्ष साफ चुकीचा ठरेल. मराठीत ‘मूल’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, म्हणून कोणती मराठी आई आपल्या मुलाला निर्जीव समजते? व्याकरणाचा साचा वेगळा आणि मनातील भाव वेगळा. भाषा सर्वस्वी बांधीत नाही, ही पहिली बाजू.

दुसरी बाजू ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या शब्दांत दिसते. ‘आम्ही जाऊ’ म्हटले तर ऐकणारा वगळला जातो. ‘आपण जाऊ’ म्हटले तर तो सामील होतो. संस्कृतात ‘वयम्’ या एका शब्दात, हिंदीत ‘हम’ या एका शब्दात हा भेद दिसत नाही. तेलुगूत मात्र ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असे दोन शब्द आहेत. मराठीतील हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारातून दृढ झाला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे समोरच्या माणसाला आपल्यात धरावे की बाहेर ठेवावे, हे प्रत्येक वाक्यात ठरविण्याची सवय मराठी माणसाला याच शेजाराने दिली असे म्हणता येते. ही सवय विचारावर परिणाम केल्यावाचून राहत नाही. वनप्रदेशात जाऊन ‘आम्ही तुम्हाला सांगतो’ असे बोलणारा आणि ‘आपण विचार करू’ असे बोलणारा, या दोघांचा विषय एक असला तरी निरूपण एक नसते.

एका शब्दाने काय घडते

शब्दाच्या अर्थावर केवळ समजूत अवलंबून असते असे नाही. पोटही अवलंबून असते. याचे उदाहरण गडचिरोलीनेच देशापुढे ठेवले. बांबू ही वनस्पतिशास्त्राप्रमाणे गवताची जात. परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येत ‘वृक्ष’ या शब्दात बांबूचाही समावेश होता. त्यामुळे बांबू तोडणे म्हणजे वृक्ष तोडणे ठरत असे आणि ज्यांची घरे, कुंपणे, सुपे, टोपल्या बांबूच्या, त्यांनाच बांबू परका झाला. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचा स्पष्ट उल्लेख आला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू वाहून नेण्याचा परवाना कोणी द्यावयाचा हा वाद राहिलाच. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. झाड तेच होते, माणसे तीच होती. मधली सर्व वर्षे एका शब्दाची व्याख्या त्यांच्यामध्ये उभी होती.

या गावाची दुसरी रीतही साधकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने निर्णय न घेता सर्वांच्या सहमतीने घेते आणि निर्णयापूर्वी अभ्यासगट बसवून विषय समजून घेते. एकालाही विषय कळला नसेल तर सर्वांनी थांबावयाचे, ही शिस्त वेळ खाते. परंतु ‘सांगितले’ आणि ‘कळले’ यांतील अंतर तिच्यात मोजले जाते.

आरोग्याच्या क्षेत्रातही हेच अनुभवास आले. १९७३ च्या डिसेंबरात भामरागडजवळ हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथे राहिलेल्या डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना रोग्याशी बोलण्यासाठी प्रथम माडिया भाषा शिकावी लागली. औषध जवळ असून दुखणे कोठे आहे हे कळत नसेल तर वैद्य हतबल होतो. भाषा एक असली तरी अडसर उरतोच. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक व्याधी आढळल्या आणि पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. या स्त्रिया बोलत नव्हत्या याचा अर्थ त्यांना दुखत नव्हते असा नव्हता. न बोललेले हे नसलेले असते, ही समजूत घातक आहे.

मौनाची भिंत

न बोलल्याने काय घडते याचा अनुभव मार्गालाही आहे. परचक्राच्या धामधुमीनंतर पोथ्यांच्या रक्षणासाठी पूर्वजांनी सकळ, सुंदरी इत्यादी लिप्यांचा आश्रय केला. त्या लिप्यांनी शास्त्र राखले, हे उपकार कधीही विसरता येणार नाहीत. परंतु ज्या भिंतीने आतले रक्षिले तिनेच बाहेरच्यांना अंधारात ठेवले. शतकानुशतके समाजाने मार्गाविषयी नाना कुतर्क केले, कारण वाचावयाला काही हाती नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मार्गातील महंतांच्या साहाय्याने अभ्यासकांना त्या लिप्या उलगडल्या. ‘लीळाचरित्र’ आणि इतर ग्रंथ प्रकाशात आले आणि मराठी गद्याचा आरंभ कोठे झाला हे महाराष्ट्राला कळले. जो स्वतः गैरसमजाचा बळी झाला त्याने दुसऱ्या अबोल समाजाविषयी उतावीळपणे मत बनवू नये, एवढा बोध या इतिहासातून निश्चित निघतो.

जात्यंधांचा दृष्टांत

सर्वज्ञांनी निरूपिलेला आणि केशोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त संग्रहित केलेला हत्ती आणि जात्यंध यांचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. ज्याच्या हाताला जो अवयव लागला तेवढ्यावरून त्याने हत्ती सांगितला. प्रस्तुत विषयाच्या संदर्भात या दृष्टांताकडे पाहिले असता एक गोष्ट विशेष जाणवते. ते सर्व अंध एकच भाषा बोलत होते. एकमेकांचे शब्द त्यांना पूर्ण कळत होते, तरी मतभेद मिटत नाही. म्हणजे भाषा एक असणे हे समजुतीला पुरेसे नाही. अनुभवाचा भाग निराळा असेल तर तोच शब्द निराळ्या वस्तूवर जाऊन बसतो. उलट, आपल्या हाताला एकच अवयव लागला आहे हे ज्याला उमगले, तो दुसऱ्याला प्रथम ‘तुझ्या हाताला काय लागले?’ असे विचारील.

म्हाइंभटांनी नेमके हेच केले. लीळा जमविताना ते ज्या ज्या व्यक्तीने ती लीळा पाहिली वा ऐकली तिच्याकडे गेले, तिच्या तोंडून ती ऐकली आणि आचार्यांकडून पडताळून घेतली. परचक्रात पोथ्या नष्ट झाल्यावर स्मरणातून जे पाठ पुन्हा सिद्ध झाले त्यांतही एकाची स्मृती अशी, दुसऱ्याची तशी, हे भेद पुसून न टाकता राखले गेले. आपल्या शब्दांत सगळे एकसारखे करून टाकण्याचा मोह त्यांनी आवरला. ऐकणे हे सांगण्याच्या आधीचे कर्तव्य आहे, हा धडा ‘लीळाचरित्रा’च्या रचनेतच आहे.

निरूपणाची रीत

यावरून वनप्रदेशात वावरणाऱ्या साधकाने आणि तेथे नोकरी-व्यवसायानिमित्त राहणाऱ्या वासनिकाने काही गोष्टी ठरवून घ्याव्यात.

पहिली गोष्ट अशी की, सूत्र बदलू नये. श्रीमुखीचे वचन जसे आहे तसे मराठीतच राहावे. परंतु सूत्राचे विवरण श्रोत्याच्या भाषेत करण्यास कोणताही अडथळा नाही. पंजाबात जयकृष्णी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनुयायांनी मराठी शास्त्र मराठीतच अभ्यासले आणि आपसांत ते आपल्या भाषेत समजून घेतले. सूत्र एका भाषेत आणि विवरण अनेक भाषांत, ही रीत मार्गात नवी नाही. महाराष्ट्रातही तेराव्या शतकाची मराठी आज विवरणावाचून कळत नाही. ‘गोमटे’ म्हणजे तेव्हा चांगले, योग्य. आज ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे केवळ सुंदर रूप येते. आपल्याच पूर्वजांशी बोलताना जर दुभाषी लागतो, तर शेजाऱ्याशी बोलताना तो लागल्यास कमीपणा कसला?

दुसरी गोष्ट, परमेश्वर, जीव, देवता यांसारख्या मूळ संज्ञांना परभाषेतील तयार शब्द जोडू नये. संज्ञा तीच ठेवून तिचा अर्थ श्रोत्याच्या अनुभवातील दृष्टांताने उघडावा. सर्वज्ञांनीही निरूपणात कठीण विषय लोकव्यवहारातील दृष्टांतांनीच सुलभ केला.

तिसरी गोष्ट, सांगून झाल्यावर श्रोत्याला तेच त्याच्या शब्दांत सांगावयास लावावे. त्यावाचून काय पोहोचले हे कळण्याचा दुसरा उपाय नाही. आणि त्याचे मराठी चुकले तर हसू नये. झाडीबोलीतील माणूस ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो किंवा ‘ळ’च्या जागी ‘र’ उच्चारतो, त्यालाही शिकलेले लोक हसतात. भाष्यकारांनी भाषेचा पालट नोंदविला तो हसण्यासाठी नव्हे. अशा थोड्याथोड्या पालटांसह सर्व मिळून एकच देश होतो, असे त्यांनी म्हटले.

चौथी गोष्ट, त्या लोकांच्या भाषेविषयी आदर असावा. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच सुरू केली. आपल्या मुलांनी आपल्या भाषेत विचार करावा, या इच्छेचे मर्म मराठीचा कैवार घेणाऱ्या आचार्यांच्या अनुयायांना कळावयास कठीण जाऊ नये.

एवढे करूनही शब्दाची सीमा उरतेच. शास्त्रात ज्ञानाचे प्रकार सांगितले आहेत, त्यांत शाब्द ज्ञान ही पहिली पायरी आहे. अपरोक्ष ज्ञान शब्दाने देता येत नाही. ते देणारा परमेश्वर आहे. कोणत्याही भाषेत सांगितले तरी निरूपण तेथपर्यंतच जाते आणि थांबते. मराठी वक्त्याला आणि माडिया श्रोत्याला समान करणारी ही सीमा आहे. तिच्या अलीकडे मात्र जेवढी वाट चालून जाता येते तेवढी चालणे हे निरूपण करणाराचे दायित्व होय, आणि ती वाट म्हातारीने चालून यावी अशी अपेक्षा त्याने धरू नये.

आरंभीच्या दृष्टांतातील भिक्षुक पुन्हा त्या गावी आला असे समजावे. या खेपेला तो चार दिवस राहिला, त्याने ऐकले, थोडे शब्द शिकला. त्याला कळले की अनेक ठिकाणी कोणते मोहाचे झाड कोणत्या घराचे हे परंपरेने ठरलेले असते. त्याला हेही कळले की मोहफुले अस्वलालाही प्रिय असतात आणि अंधारात झाडाखाली गेलेल्या माणसावर अस्वलाने हल्ला केल्याच्या घटना घडतात. मग तो म्हातारीला विचारतो, आपल्या झाडाची फुले पुरेशी असता, शेजाऱ्याच्या झाडाखालची फुले तो उठण्याआधी वेचावी म्हणून कोणी मध्यरात्रीच एकटा निघाला, तर त्याला काय म्हणावे? म्हातारी आपल्या भाषेत एक शब्द उच्चारते. भिक्षुक म्हणतो, त्यालाच शास्त्रात मोह म्हणतात. झाड सोडावयाचे नाही. ती मध्यरात्रीची धाव सोडावयाची.

म्हातारीने उच्चारलेला तो शब्द भिक्षुकाने लक्षात ठेवावा. पुढच्या गावी निरूपणाचा आरंभ त्याला त्या शब्दापासून करता येईल.

दंडवत प्रणाम.